फोन आला की समजावं, काहीतरी बिघडलंय

श्रोतेहो, नमस्कार.

राजकारण तापलं की आमच्यासारख्या इतिहासाच्या मास्तरांचा भाव वधारतो. एरवी कुणी विचारत नाही, पण गावात तणाव झाला की फोन येतो, "सर, असं पूर्वी कधी झालं होतं का?" उत्तर त्याला ठाऊकच असतं. त्याला फक्त माझा शिक्का हवा असतो.

सोलापुरात या प्रश्नाला एकच साल पुरतं, १९३०. मे महिना. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर पेटलं. ८ मेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. पोलीस चौकी जळली, कोर्ट जळलं. १२ मेला मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. पुढे १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघे फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एका दमात घ्यायची, ही सोलापूरची रीत. तणावाच्या दिवसांत मात्र ज्यानं त्यानं आपापलं नाव उचललेलं मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट कुणीच उचलत नाही. चौघांवरचा आरोप होता दोन पोलिसांच्या खुनाचा. खटला रचलेला होता, असं आपलं शहर मानतं, मीही मानतो. पण ते दोन पोलीस मेले होते, हे खरं. भाषणात ते दोघे कुठे बसवायचे?

इथं मला मार्क ब्लॉक आठवतात. मध्ययुगाचे फ्रेंच प्राध्यापक. पन्नाशी उलटलेली, पदरी सहा मुलं, तरी १९४० मध्ये लष्करात. काम काय, तर पेट्रोलचा पुरवठा सांभाळणं. जर्मनीपुढं फ्रान्स सहा आठवड्यांत कोसळला. त्याच उन्हाळ्यात ते लिहायला बसले. जुनी दप्तरं जशी तपासायची, तशी त्यांनी आधी स्वतःची साक्ष तपासली : मी कोण, कुठं होतो, मला किती दिसलं? मग सेनापतींवर आले. हे लोक मागचंच युद्ध डोक्यात घेऊन बसले होते, जर्मनांचा वेग त्यांना उमगलाच नाही. म्हणजे इतिहास शिकूनच फसले की हो! शेवटी त्यांनी आपल्या पिढीलाही सोडलं नाही : आम्ही प्राध्यापक खोलीत बसून राहिलो. पुढे ते भूमिगत चळवळीत गेले. जून १९४४ मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. लिखाण छापून आलं १९४६ ला.

तर परवा असाच एक फोन आला. हुतात्मा दिनाचं भाषण हवं होतं. मी मुद्दे सांगितले. पलीकडचे गृहस्थ जरा थांबून म्हणाले, "सर, ते पोलिसांचं तेवढं गाळा ना."

म्हटलं, मग दुसरा वक्ता बघा. त्यांनी बघितलाही.