आधी कुलूप, मग छप्पर

मंडळी, नमस्कार. सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'बेघरांना घर देणारे' अशी करून दिली. ती आधी दुरुस्त करतो. मी आजवर एकालाही घर दिलेलं नाही. काही वर्षं मुंबईतल्या एका रात्र निवाऱ्याची व्यवस्था बघितली, एवढंच.

तिथली पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सांगतो. रात्री दहाच्या सुमारास एक हमाल मामा आले. खांद्यावर गोणी. मी आपला उत्साहानं गादी दाखवतोय, पंखा दाखवतोय, मामांचं लक्षच नाही. म्हणाले, "ते असू द्या, साहेब. कुलूप लावायला काय आहे?" त्या गोणीत दोन कपडे, हॉस्पिटलची फाईल आणि मुलीच्या लग्नाचा फोटो, बस्स. पण फुटपाथवर राहणारा माणूस त्या गोणीचा कैदी असतो. आंघोळीला जायचं तर गोणी कोण बघणार? मजूर नाक्यावर बोचकं घेऊन उभं राहिलं की मुकादम वळूनही बघत नाही. झोपायचं तर चपला डोक्याखाली घेऊन. तुम्हाआम्हाला वाटतं बेघराला छप्पर नसतं. खरं तर त्याला आधी कुलूप नसतं.

आमच्याकडे तेव्हा लॉकर होते बारा आणि माणसं चाळीस. गाद्यांवरून कधी भांडण झालं नाही, लॉकरवरून रोज व्हायचं.

आता थोडं कायद्याचं. २०१० साली दिल्लीच्या थंडीत माणसं उघड्यावर मरत होती, तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. पुढे न्यायालयानं राज्यांना सांगितलं, की मोठ्या शहरांत एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा हवा, आणि तो बारा महिने, चोवीस तास उघडा हवा. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजनाही आली. माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, शिवाय राहणाऱ्यांना आधार, रेशन, पेन्शन, बालवाडी मिळवून द्यायची, असं सगळं त्या योजनेत कागदावर आलं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती १ कोटी २४ लाख होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही कधी गेला नाही.

आणि मोजणीचं म्हणाल, तर त्या जनगणनेत बेघर मोजले गेले ते एका रात्रीत, २८ फेब्रुवारीच्या. पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत जे झोपलेले सापडले ते धरले. देशभरात १७ लाख ७३ हजार भरले. त्या रात्री जो ट्रकवर माल चढवत होता, तो कुठल्या रकान्यात गेला, देव जाणे.

बरं, असलेले निवारे तरी भरलेले असतात का? नेहमी नाही. मग कोणीतरी म्हणतं, "यांनाच यायचं नसतं." का यायचं नसतं, ते १९८५ सालीच सर्वोच्च न्यायालयात मांडून झालंय. ओल्गा टेलिस खटल्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांचं म्हणणं साधं होतं: काम इथे आहे म्हणून आम्ही इथे आहोत. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. आणि पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायलाही मुभा दिली. फुलबाजारात पहाटे चारला हारांची मोट बांधणाऱ्या बाईला तुम्ही चार स्टेशनं पलीकडे गादी दिलीत, तर ती तिचं काय लोणचं घालणार?

दुसरं कारण कुटुंबाचं. मुंबईच्या फुटपाथवर सगळेच एकटे पुरुष नसतात, अख्खे संसार असतात. चूल, पाळणा, म्हातारी सासू, सगळं. आणि निवारा म्हणतो, बाप इकडे, आई तिकडे, बारा वर्षांचा मुलगा तिसरीकडे. कोण येईल? कुटुंबांसाठी वेगळे निवारे करा, असं त्या योजनेतच लिहिलं होतं. ते फारच थोडे झाले.

तिसरं, भीती. आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. पोलीस वॉरंटाशिवाय उचलू शकतात आणि पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली, इथे तो चालूच आहे. एकदा गाडीत कोंबला गेलेला माणूस 'सरकारी निवारा' ऐकला की काढता पाय घेतो. मीही घेतला असता.

मनोरुग्णांचा विषय वेगळ्या व्याख्यानाचा आहे, पण कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी. रस्त्यावरून आणायचं, औषधोपचार करायचे, आणि गावाचं नाव आठवलं की घरी पोचवायचं. तिथे माणूस राहतो तो जाण्यासाठी. निवारा असाच हवा, गोदामासारखा नको.

फिनलंडनं २००८ पासून उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी भाड्याचं छोटं घर आणि किल्ली, मग व्यसन, कर्ज, आजार यांचं बघू. हेल्सिंकीतली मोठी वसतिगृहं मोडून त्यांची एकेकट्याची घरं केली. आपल्याला उद्या ते झेपणार नाही. भाड्याची स्वस्त खोलीच मुंबईतून नाहीशी झालीय. पण त्यातली किल्ली तेवढी उचलता येईल. आमच्या मामांनी लॉकरची किल्ली करगोट्याला बांधली आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी नाक्यावर गेले. पुढे निवाऱ्याच्या पत्त्यावर त्यांचं आधार झालं. खात्यासाठी एका बँकेत तीन खेपा घातल्या, तिथला कारकून दर वेळी विचारायचा, "कायमचा पत्ता?" चौथ्या खेपेला मी सोबत गेलो, तेव्हा फॉर्म मिळाला. पत्ता तोच होता, फक्त माझा शर्ट इस्त्रीचा होता.

आता प्रश्न घेऊ. 'हे लोक काम का करत नाहीत' हा प्रश्न ज्यांचा असेल, त्यांनी तो राखून ठेवावा. उद्या पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात मी आहेच. चहा माझ्याकडून.