मिरजेची सतारमेकर गल्ली

नमस्कार श्रोतेहो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलात, तर आधी वर बघा. दुकानांच्या आढ्याला भले मोठे भोपळे टांगलेले दिसतील. खायचे नव्हेत बरं का, सतार-तंबोऱ्याचा तळाचा गोल घुमट करायचे. जाड सालीचे, कडू. बरेचसे मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतात.

ही वाद्यं घडवायची विद्या इथे रुजली साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी. कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या, तसं तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. मिरजेचे संस्थानिक बाळासाहेब पटवर्धन गाण्याचे शौकीन. त्यांच्या आश्रयाने फरीदसाहेब वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि दुरुस्ती करता करता सतारी घडवू लागले. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात देशभरचे गवई गायला येऊ लागले. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरदार झंकार, काढून घ्यायला याहून सोयीचं गाव कुठलं?

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे. पण त्याने वाद्याच्या नावाला संरक्षण मिळतं, गल्लीतल्या घरांना नाही. जुनं घर पाडून फ्लॅट उभा राहिला, की तळमजल्यावर गाड्या येतात. मग भोपळा वाळवायचा कुठे? भिजवून, कापून, आतून काड्यांचा ताण देऊन तो आकार धरेपर्यंत ठेवायचा कुठे? तुणीचं लाकूड मुरवायला तर त्याहून जागा आणि वेळ लागतो. भोपळ्यावरची लाकडी तबली, लांब दांडी, नक्षी, पॉलिश ही सगळी कामं भुशाची आणि वासाची. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी किती दिवस सोसतील? जवारीचं आणखी निराळं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीने जराशी घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. भोवती थोडी शांतता हवीच.

कुणी म्हणेल, शहराबाहेर शेड बांधून द्या. यंत्राच्या कामाला शेड बरी. पण इथे एकाच्या दारात भोपळा जोडला जातो, दुसऱ्याच्या दारात नक्षी होते, आणि शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून बापाचा हात बघत बसतं. ते शेडमध्ये कसं न्यायचं, मला तरी समजत नाही.

घरं पडतील, नवी होतील, त्याला हरकत नाही. फक्त नकाशा मंजूर करताना महापालिकेने एक अट घालावी: या गल्लीत रस्त्याकडचा तळमजला कारखान्यासाठी, वर ऐसपैस माळ्यासह. पार्किंग मागे जाऊ दे.