कात्रीतून सुटलेली ओळ

श्रोतेहो, नमस्कार. सॅम कुक या काळ्या अमेरिकन गायकाचं ‘अ चेंज इज गॉना कम’, म्हणजे ‘बदल येणार आहे’, हे गाणं सिंगल म्हणून, छोट्या तबकडीवर, बाजारात आलं, तेव्हा त्यातलं एक कडवं गाळलेलं होतं. सिनेमाला जावं, बाजारपेठेत फिरावं, तर कुणीतरी हटकतं, ‘इथे घुटमळू नकोस.’ बस, एवढंच होतं त्यात. पण १९६४ च्या अमेरिकेत हा हटकणारा कोण, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

कुक हा पाद्र्याचा मुलगा. आधी भक्तिगीतांत गाजला, मग प्रेमगीतांत. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला एका मोटेलने त्याला खोली नाकारली. काळा, म्हणून. त्याने हुज्जत घातली, तर पोलिसांनी शांतताभंगाच्या आरोपाखाली त्यालाच धरलं. त्याच सुमारास बॉब डिलनचं ‘ब्लोइन इन द विंड’ हे अन्यायावर प्रश्न विचारणारं गाणं ऐकून त्याला चुटपुट लागली होती, की हे एका गोऱ्या पोराला सुचतं आणि आपल्याला नाही?

मग हे गाणं झालं. रेने हॉलचं संयोजन, व्हायोलिनांचा ताफा, फ्रेंच हॉर्न, टिंपनी या नगाऱ्यांचे घुमारे. एवढ्या लवाजम्यात एखादा गुदमरला असता. कुकचा आवाज मात्र त्यावर सहज तरंगतो, आणि मधूनच किंचित चिरकतो. एका ठिकाणी तो म्हणतो, जगणं कठीण झालंय, पण मरायचीही भीती वाटते, कारण आभाळापलीकडे काय आहे कुणास ठाऊक. चर्चमध्ये वाढलेला गायक, आणि स्वर्गाची खात्री नाही म्हणतो! मला विचाराल तर गाळलेल्या कडव्यापेक्षा ही ओळ जास्त धीट आहे. ती कुणाच्या कात्रीत सापडली नाही.

११ डिसेंबर १९६४ ला लॉस एंजेलिसच्या एका मोटेलमध्ये गोळी लागून कुक गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. सिंगल आलं ते त्यानंतर, तेही ‘शेक’ या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला. पण नागरी हक्कांच्या चळवळीने ते उचललं. ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन यांनी आपापल्या परीने गायलं. २००८ मध्ये निवडून आल्याच्या रात्री ओबामांनी ‘बदल आला आहे’ म्हटलं, तेव्हा अनेकांना हेच गाणं आठवलं.

आणि ज्या श्रीव्हपोर्टात कुकला खोली मिळाली नव्हती, तिथल्या महापौरांनी २०१९ मध्ये त्याच्या कुटुंबाची माफी मागितली. ऐकू या ते गाणं, एलपीवरचं, म्हणजे मोठ्या तबकडीवरचं, न कापलेलं.