आधी पाय बघा

(पुण्यात सहकारनगर भागात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जाहीर झालाय ‘आपल्या अंगणातले शिकारी पक्षी’. पण माझं एक म्हणणं बरेच दिवस मनात आहे, ते मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपण पक्षी दिसला की आधी रंग बघतो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोटाळा रंगच करतो.

आमचं घर तळजाई टेकडीच्या पायथ्याला. मागे एक जुना आंबा आहे. एका वर्षी मेअखेरीस तिथे एक पक्षी यायला लागला. पाठ राखाडी, छाती तांबूस, शेपटीवर आडवे पट्टे. चार वेळा पंख मारायचा, मग तरंगायचा आणि खालून वर उसळी घेऊन फांदीवर बसायचा. बसला की शेपूट डावी-उजवीकडे हलवायचा. तो आला की बुलबुल कालवा करायचे, सातभाई अंगण डोक्यावर घ्यायचे. मी वहीत लिहिलं, ‘शिक्रा’, म्हणजे आपल्याकडचा छोटा शिकारी पक्षी. सलग अठरा दिवस तेच लिहीत गेलो.

शेजारच्या आजी पूजेला फुलं तोडायला यायच्या. एके सकाळी त्या म्हणाल्या, “अहो, तुमचा शिक्रा सुरवंट कसा हो खातो?” मी दुर्बीण लावली. चोचीत चांगला केसाळ सुरवंट! मग पायांकडे पाहिलं. बारीक, नाजूक बोटं, दोन पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे, आणि नखं आकड्यासारखी. म्हणजे हा पावशा, कोकिळेच्या कुळातला, शिकारी नव्हेच. ‘पेरते व्हा’ म्हणाला असता तर डोळे मिटून ओळखला असता. हा मात्र गप्प, बहुधा मादी. पावशाची मादी अंडं घालते ते सातभाईच्या घरट्यात. शिकाऱ्याचं सोंग बघून घरधनी बिचकले, तर तिचं काम सोपं होतं. सातभाईंसारखाच मीही फसलो होतो. त्या आजींनी पक्ष्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो काय खातो, एवढंच त्यांनी बघितलं. मला वाटतं, ओळख तिथूनच सुरू करायला हवी, आणि खाताना दिसला नाही तर ते पाय सांगतात.

इथे एक तक्रारही करतो. कबुतरावर झडप घातलेली दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच येतं, ‘ससाणा आला!’ अहो, झाडाझुडपांतून वळणं घेत येणारा तो शिक्राच असतो. पंख आखूड आणि गोलसर, शेपूट लांब. ससाण्याचे पंख लांब, टोकदार, तो मोकळ्या आकाशाचा. मारायची रीतही वेगळी. शिक्रा भक्ष्य नखांत आवळून मारतो. ससाण्याच्या चोचीला दातासारखी खाच असते, तो मान मोडतो. आणि पिंगळ्याला, त्या छोट्या घुबडाला, अपशकुनी म्हणून दगड मारणारे अजून आहेत, याचं तर मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या आवारातले उंदीर आणि नाकतोडे तोच कमी करतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

शिक्रा कबुतराएवढा, ताठ बसतो. नराचा डोळा लालभडक, मादीचा पिवळा किंवा नारिंगी, आणि मादी आकाराने मोठी. पिल्लू तपकिरी असतं, छातीवर ठिपके आणि गळ्यावर मधोमध काळी रेघ. घारीची शेपूट टोकाला खाचेची, उडताना ती सुकाणूसारखी वळवते. कापशी घार पोटाला पांढरीशुभ्र, पाठीला फिकट राखाडी, खांद्यावर काळा डाग. हवेत एका जागी फडफडत थांबते, शहराच्या कडेच्या माळावर बघा. मोठा पक्षी, पण डोकं कबुतरासारखं लहान, आणि पोळ्याभोवती घुटमळतोय? तो मधुबाज. चेहऱ्यावरची खवल्यांसारखी दाट पिसं त्याला मधमाश्यांच्या डंखापासून वाचवतात. पिंगळा दिवसाही दिसतो, ढोलीच्या तोंडाशी बसून मान खाली-वर करत तुमच्याकडे बघतो. गव्हाणी घुबडाचा चेहरा बदामाच्या आकाराचा, पाय लांब, आवाज चिरकणारा.

सभागृह आठला बंद होतं. ज्यांच्या फोनमध्ये फोटो असतील त्यांनी खाली पायऱ्यांवर थांबा. त्यात पाय दिसणारा फोटो असेल तर तो आधी दाखवा.