फरशीखालचं काम

नमस्कार श्रोतेहो. घरदुरुस्तीची कामं स्वतंत्रपणे घेणारा मिस्त्री आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ना कंपनी, ना ऑफिस. एक फोन, एक स्कूटर आणि मागे अडकवलेली हत्यारांची पिशवी. त्याची पारख कशी करायची, यावर आज बोलू.

यातले बरेच जण घमेलं उचलण्यापासून सुरुवात करतात. मग माल कालवायचा, मग कोणाच्या तरी हाताखाली थापी धरायची, मग स्वतःचं काम. कागदी प्रमाणपत्र सहसा नसतं. म्हणून ‘किती वर्षं करताय?’ विचारून फारसं काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वी केलेल्या एखाद्या बाथरूमचा पत्ता मागा. आणि तिथे गेल्यावर टाइल्स बघू नका. बाथरूमच्या पाठची भिंत बघा, खालच्या मजल्याचं छत बघा, ओल आलीय का ते. आणखी एक विचारा: फरशीखालचं काम झाकण्याआधी दाखवणार का? पुन्हा सांगतो, झाकण्याआधी दाखवणार का?

आता ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीतली गोष्ट ऐका. तिसरा मजला, गळकं बाथरूम. मिस्त्रीने जुना कोबा, म्हणजे फरशीखालचा जाड थर, फोडला, स्लॅबपर्यंत उतरला. भेगा भरल्या, भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा मारला, म्हणजे कोपरा मालाने गोलसर केला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले, एक आडवा, एक उभा, भिंतीवर फूटभर चढवून. ते सुकल्यावर नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतलं पाणी जायच्या तोंडाला, बूच मारलं, दारात विटांची पाळ घातली आणि चार बोटं पाणी कोंडलं. 48 तासांसाठी.

भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलची रेघ मारली. शेजारी पाण्याची एक बादली ठेवली, तिच्या आतही रेघ. बादली कशाला? तर पाणी हवेतही उडतं. बादलीतलं जेवढं उडेल तेवढंच जमिनीवरचंही उडणार. त्याहून जास्त उतरलं, तर ते कुठेतरी मुरतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीतलं पाणी जेमतेम केसभर खाली. जमिनीवरचं मात्र दोन सूत, म्हणजे पाव इंच उतरलेलं. खालच्या घरात छत कोरडंठाक. घरमालक म्हणाले, “अहो, खाली काही नाही ना? मग बसवा फरशी, परवा पाहुणे येतायत.” मिस्त्री म्हणाला, “साहेब, स्लॅब आधी स्वतः पाणी पितो, मग खाली टिपकवतो.”

त्याचा पहिला संशय बुचावर. बूच गळत असेल तर पाणी पाइपातून निघून जातं आणि वॉटरप्रूफिंग उगाच बदनाम होतं. बूच बदललं, तरी पाणी उतरलंच. मग त्याने पाणी उपसलं, ट्रॅपभोवती वीतभर अंतर ठेवून गोल पाळ घातली आणि फक्त पाळीबाहेर पाणी भरलं. आता रेघ हलेना. म्हणजे बाकीची जमीन ठीक, गळती पाळीच्या आत, ट्रॅपच्या गळ्याशी.

फोडून बघितलं तर स्लॅबच्या भोकात पाइपभोवती साधा वाळू-सिमेंटचा माल ठोसलेला. भोकाच्या कडेला टाचे, म्हणजे माल धरून राहावा म्हणून छिन्नीने पाडायचे खडबडीत घाव, मारलेले नव्हते. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट नीट धरत नाही, त्यात माल सुकताना आकसतो, फट राहणारच. भरलं होतं त्याच्याच हाताखालच्या पोराने. मिस्त्रीने कडेला टाचे मारले, पाइप काचकागदाने घासला, न आकसणारं ग्राउट, म्हणजे फट भरायचा पातळ माल, ओतलं, वर पुन्हा दोन हात, डब्यावर लिहिले होते तितके दिवस सुकू दिलं आणि पुन्हा 48 तास पाणी. आठवडा गेला. पाहुणे शेजाऱ्यांकडे अंघोळीला. जादा बिल शून्य.

जाता जाता, बाथरूमला फॉल्स सीलिंग करू नका हो. वरच्यांची गळती कळेपर्यंत स्लॅबची सळई गंजलेली असते. आणि बाथटब! नळाला पाणी तासभर, त्यात टब कधी भरणार? असो.

उरलेलं थोडक्यात. भिंतीतले पाइप गिलाव्याआधी प्रेशर पंप लावून तपासून घ्या. ट्रॅपकडे उतार मीटरला किमान एक सेंटिमीटर. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटवर धरत नाही. तिला अ‍ॅडेसिव्ह लागतं, तेही दातेरी थापीने सगळीकडे पसरलेलं. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून चिकटवली की मध्ये पोकळी. नाण्याने ठोकून बघा, पोकळ टाइल आवाजावरून कळते. कोटेशनमध्ये सिमेंटचा ब्रँड, वॉटरप्रूफिंगचे हात किती, डेब्रिज कोण उचलणार, हे लिहून घ्या. आणि पाण्याची चाचणीही त्यातच लिहा: 48 तास. 24 नव्हे, 48. शेजारी बादली ठेवून.

पुढच्या वेळी भिंतींच्या रंगाबद्दल बोलू. नमस्कार.