आधी फोन ठेवा, मग आपण लावा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मला एकच गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. बोलता बोलता ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवरचं बोलणं मागे नेऊन ऐकता येत नाही. बँकेचा, विजेचा, पोलिसांचा, कुरिअरचा, कसलाही फोन येऊ द्या. समोरचा पैशाचं बोलू लागला आणि घाई करू लागला, की फोन ठेवून द्या. नंबर आपला आपण शोधा. आणि मग आपण लावा.

फोन टाकून द्या, जुनं तेच चांगलं, असं सांगणाऱ्यांतली मी नाही. 2016 साली यूपीआय सुरू झालं, आणि आज मंडईत कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. वीस रुपये आले की तो लहानसा डबा मोठ्यानं सांगतो आणि भाजीवाली मान न वळवता पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते. सातबारा फोनवर मिळतो. गॅसचा नंबर फोनवर लागतो. एसटीचं आरक्षण फोनवर होतं. ज्या बाईला बँकेत स्लिप भरून घ्यायला कुणाची तरी मनधरणी करावी लागायची, ती आज घरबसल्या मुलीला पैसे पाठवते. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती भीतीपोटी कुणी सोडू नये म्हणूनच मी बोलते आहे.

आता माझ्या मावशीची हकीकत ऐका.

मावशी वाईला असते. काका, म्हणजे तिचे यजमान, एसटीतून निवृत्त झालेले. उभी हयात स्टँडवर गाड्यांच्या वेळा सांभाळण्यात गेली. माणूस पक्का. 2022 चा पावसाळा होता. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी विजेच्या बिलाचे खोटे मेसेज सगळीकडे फिरत होते. दुसऱ्या दिवशी घरात नातवाचं बारसं. पाहुणे आलेले, फ्रिज दुधाच्या पिशव्यांनी आणि खव्यानं भरलेला, मावशीचे हात पुरणात. बाहेर आषाढातला पाऊस.

काकांच्या फोनवर मेसेज आला, इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा: प्रिय ग्राहक, तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अधिकाऱ्याशी बोला. खाली एक साधा दहा आकडी मोबाइल नंबर. काकांनी मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि नेमकी तेवढ्यात लाईट गेली.

पावसात लाईट जातेच. कुठे फांदी पडते, कुठे डीपीवरचा फ्यूज उडतो. एरवी काका म्हणाले असते, येईल थोड्या वेळात. पण मेसेज हातात, घर अंधारात, आणि फ्रिजमध्ये उद्याचं सगळं दूध. साडेनऊ वाजायला अजून बराच वेळ होता, तरी त्यांच्या मनानं घेतलं की तोडलीच. त्यांनी तो नंबर लावला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला, हिंदीत. सर, घाबरू नका, तुमचं बिल भरलेलंच आहे, फक्त आमच्याकडे अपडेट नाही. एक ॲप घ्या, दहा रुपये भरा, लगेच अपडेट होईल. दहाच रुपये! काकांनी ॲप उतरवून घेतलंसुद्धा. स्क्रीनवर जे आकडे दिसतील ते मला सांगा, असं तो म्हणत होता. ते आकडे सांगितले असते आणि पुढच्या प्रश्नाला 'होय' म्हटलं असतं, की काकांच्या फोनवर जे जे दिसतं ते सगळं त्या माणसाला दिसू लागलं असतं. कार्डाचा नंबर, पासवर्ड, मेसेजमध्ये येणारा ओटीपी, सगळं.

तेवढ्यात मावशी बाहेर आली. "कोण आहे?"

"लाईट ऑफिस. बिल भरलेलं नाही म्हणतायत."

"भरलंय की! थांबा म्हणावं त्यांना, मी बिल आणते."

मावशीच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला तारेचा एक आकडा आहे. विजेची बिलं, गॅसच्या पावत्या, घरपट्टी, पाणीपट्टी, सगळं त्यात ओवलेलं. ताजं बिल सगळ्यांत वर, आणि प्रत्येक बिलावर तिच्या हातानं पेन्सिलीनं लिहिलेलं: भरले, आणि तारीख.

इथे जरा थांबून बोलते. महावितरणची गो-ग्रीन योजना आहे, कागदी बिल सोडून ई-मेलवर घेतलं की बिलात सूट मिळते. जरूर घ्या, कागद वाचतो. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे, वर्षातून एकदा तरी एक बिल छापून घ्या आणि घरात डोळ्यांसमोर लावा. हिशेबाची वही गेली, दुधाचं कार्ड गेलं, पासबुक भरून आणायची सवय गेली. आमची आई रात्री जेवणं झाली की दिवसाचा खर्च लिहायची, कडीपत्त्याच्या आठ आण्यांसकट. त्या वहीत बघून ती सांगू शकायची की अमक्या दिवाळीला तेलाचा डबा केवढ्याला आणला होता. घरातल्या बाईला घराचा हिशेब तोंडपाठ असणं ही शिकवायची गोष्ट आहे, आणि ती मुलींना आणि मुलग्यांनाही शिकवली पाहिजे.

तर मावशी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात बिल, बोटांना पुरण. फोन स्पीकरवर.

मावशी मराठीत म्हणाली, "ग्राहक क्रमांक सांगा आमचा."

"आंटीजी, तो तुम्ही सांगायचा."

"माझ्यासमोर आहे माझा. बारा आकडे आहेत. तुम्ही तुमच्याकडचा वाचा, मी जुळवून बघते."

"आंटीजी, सिस्टिम स्लो आहे."

"बरं, मग बिलिंग युनिट सांगा. चारच आकडे आहेत."

पलीकडे गप्प. मग आवाज थोडा चढला. टाइम नाही, लाइन कटायला माणूस निघाला आहे, लवकर करा. मावशीनं शेवटचं विचारलं, "बिल कुणाच्या नावावर आहे, एवढं तरी सांगा."

त्यानं लगेच काकांचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट. काका मावशीकडे बघायला लागले, म्हणजे पाहा, माहिती आहे त्यांना! नंबर कुणाचा ते दाखवणारी ॲप असतात, त्यात कुणाचंही नाव दिसतं, हे काकांना ठाऊक नव्हतं. मावशीलाही ठाऊक नव्हतं. पण तिला दुसरं एक ठाऊक होतं. तुमच्यापैकी निम्म्या घरांत असतं तेच त्यांच्या घरात होतं: मीटर अजून काकांच्या वडिलांच्या नावावर! आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, नाव बदलायचं राहून गेलं ते गेलंच.

मावशी म्हणाली, "ज्यांच्या नावावर मीटर आहे त्यांचं नाव तुम्हाला माहीत नाही, मग वीज कुणाची तोडताय?"

तो ओरडला, "लाइट कट जायेगी, देख लेना!"

मावशी म्हणाली, "गेलेलीच आहे." आणि फोन ठेवला.

आणि पुढे तिनं जे केलं ते खरं महत्त्वाचं आहे, म्हणून नीट ऐका. तिनं तो मेसेज बाजूला ठेवला आणि बिलावर छापलेला नंबर बघून आपण होऊन फोन लावला. 1912. वीज कंपनीच्या तक्रारीचा नंबर, एक नऊ एक दोन. तिथे ग्राहक क्रमांक सांगितला. बाकी शून्य. लाईट गेली होती ती फीडरवरच्या बिघाडामुळे, सगळ्या गल्लीची. साडेनऊच्या आत आलीसुद्धा. काकांनी ते ॲप तिथल्या तिथे काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बारशाला पाळण्याची गाणी राहिली बाजूला, मावशी हेच सांगत होती. ऐकता ऐकता दोघीतिघींनी पर्समधून फोन काढले, त्यांनाही तोच मेसेज आलेला. एकीनं तर घरी गेल्यावर फोन करायचं ठरवून ठेवलं होतं. मला विचाराल तर त्या बारशात त्या बाईला मिळालेली ही सगळ्यांत मोठी वाटी होती.

मावशीनं काय केलं? घाईत पडली नाही. आणि नंबर आपला आपण शोधून आपण लावला. फोन ठेवा, नंबर शोधा, आपण लावा.

नंबर कुठे शोधायचा, तेही सांगते. कार्डाच्या मागच्या बाजूला असतो. पासबुकावर असतो. छापील बिलावर असतो. इंटरनेटवर 'कस्टमर केअर' असं टाकून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नका, तिथे भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. बँकेच्या संकेतस्थळावर जायचं असेल तर पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत हाच पत्ता घ्यायला सांगितलं होतं, आणि तो फक्त बँकांनाच मिळतो.

मात्र मावशीसारखी उलटतपासणी घेत बसा, असं मी सांगत नाही. त्या माणसाकडे माहिती नव्हती. सगळ्यांकडे नसते असं नाही. 'डिजिटल अरेस्ट'वाले फोन करतात तेव्हा तुमचं नाव, पत्ता, आधारचा नंबरसुद्धा वाचून दाखवतात. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणतात, व्हिडिओवर वर्दीतला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका. श्रोतेहो, व्हिडिओ कॉलवर अटक होते असं भारताच्या कुठल्याही कायद्यात नाही. पुन्हा सांगते, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही हेच सांगितलं होतं. 'कुणाला सांगू नका' हे शब्द कानावर पडले की त्याच क्षणी फोन ठेवा आणि शेजारच्या घराची कडी वाजवा. भले रात्रीचे अकरा वाजले असू देत.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवा. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. तुम्ही जुनं कपाट विकायला काढलंय आणि घेणारा म्हणतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. येणार नाहीत, जातील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, फाइलच्या नावाच्या शेवटी ए-पी-के अशी अक्षरं असली, तर ती उघडू नका, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ असते. ए-पी-के म्हणजे ॲप, आणि ते तुमचे मेसेज वाचू लागतं. भावाला फोन करून विचारा. बहुधा त्याच्याच फोनमध्ये ते शिरलेलं असतं.

घरातल्या तरुण मुलामुलींनो, तुम्हाला एक मनापासून सांगते. आजीनं काही विचारलं की तुम्ही तिच्या हातातून फोन घेता, चार ठिकाणी बोट लावता आणि 'झालं' म्हणून परत देता. तिला काही कळत नाही, आणि पुढच्या वेळी विचारायची लाज वाटते. मग ती एकटीच त्या फोनवाल्याशी बोलत बसते. फोन तिच्या हातात राहू द्या. बोट तिचं, सांगणं तुमचं. वेळ लागेल, लागू द्या. आणि चूक झाली तर रागावू नका. रागावलेल्या घरात माणूस फसवणूक लपवतो, आणि लपवण्यात जे तास जातात त्यात पैसे हातचे जातात.

आता पेन घ्या हाताशी. 1930. एक नऊ तीन शून्य. सायबर फसवणुकीचा हा देशभरचा नंबर आहे. पैसे गेल्याचं लक्षात आल्याबरोबर हा लावायचा. सकाळी बघू, मुलगा आला की करू, असं करू नका. गेलेले पैसे लगेच या खात्यातून त्या खात्यात फिरवले जातात. तक्रार लवकर पोचली तर मधल्या एखाद्या खात्यात ते अडवता येतात. फोन करताना जवळ ठेवा: बँकेचं नाव, खाते क्रमांक, किती पैसे, किती वाजता, आणि मेसेजमध्ये आलेला व्यवहाराचा क्रमांक. 1930. एक नऊ तीन शून्य.

त्याबरोबरच बँकेलाही कळवा, खातं आणि कार्ड थांबवायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याची जबाबदारी बँकेवर येते. तुमच्याकडून ओटीपी सांगितला गेला असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान तुमचं नाही. म्हणून कळवल्याची वेळ लिहून ठेवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.

नमस्कार.