चार पत्त्यांची सेमिनरी

(दृश्य : न्यूटन सेंटर, मॅसॅच्युसेट्स. टेकडीवर चढणारा रस्ता, विटांच्या जुन्या इमारती.)

बॉस्टनच्या पश्चिमेला न्यूटन सेंटर. गावाला लागून एक टेकडी आहे, तिचं नावच इन्स्टिट्यूशन हिल. 1825 साली स्थापन झालेल्या बाप्टिस्ट पंथाच्या सेमिनरीने, म्हणजे पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) घडवणाऱ्या शाळेने, तिला हे नाव मिळवून दिलं. नोव्हेंबर 2015 मध्ये इथल्या अँडोव्हर न्यूटन थिऑलॉजिकल स्कूलच्या विश्वस्तांनी जाहीर केलं, की टेकडी विकायची आणि शाळा दुसरीकडे न्यायची.

नावातला ‘न्यूटन’ या टेकडीचा. ‘अँडोव्हर’ मात्र आधीच दोन पत्ते बदलून इथे आलेला होता. आणि या अँडोव्हरशी मराठी छपाईचा जुना धागा आहे.

(दृश्य : मुंबई बंदराचं जुनं चित्र.)

11 फेब्रुवारी 1813. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते. परत पाठवण्याचे हुकूम निघाले, पण दोघे टिकले. पुढे अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखलं गेलेलं काम ते हेच. या मिशनच्या मुंबईतल्या छापखान्यातून 1817 मध्ये मराठी पुस्तिका छापून निघाली. 1842 मध्ये याच मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केला. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. हॉल आणि नॉट दोघेही अँडोव्हरचे विद्यार्थी.

(दृश्य : अँडोव्हर गाव, फिलिप्स अकादमीचं मैदान.)

पहिला पत्ता. अँडोव्हर, बॉस्टनच्या उत्तरेला. 1805 मध्ये हार्वर्डने ईश्वरविद्येच्या अध्यासनावर हेन्री वेअर यांना नेमलं. ते त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) न मानणाऱ्या उदारमतवादी गटाचे. सनातनी मंडळींना हे सहन होईना, म्हणून 1807 मध्ये त्यांनी फिलिप्स अकादमीच्या आवारात स्वतःची सेमिनरी काढली. पुढच्या वर्षी वर्ग भरू लागले.

पैसा आला दोन गटांकडून, आणि दोघांचा एकमेकांवर पुरता विश्वास नव्हता. मग देणगीदारांनी लिखापढी केली. प्राध्यापकाने एका ठरावीक मतांगीकारावर, म्हणजे श्रद्धेच्या कलमांच्या लेखी मसुद्यावर, सही करायची, आणि ती एकदाच नव्हे. दर पाच वर्षांनी विश्वस्तांसमोर तो पुन्हा मान्य करायचा. मतांगीकाराचं प्रत्येक कलम कायम जसंच्या तसं राहील, त्यात काडीची भर नाही, घट नाही. आपल्याकडच्या दानपत्रांत ‘आचंद्रार्क’ लिहितात, तोच सूर. अटी पाळल्या जातात की नाही हे बघायला विश्वस्तांच्या वर आणखी एक मंडळ बसवलं, व्हिजिटर्सचं.

हे नीट लक्षात ठेवा. पुढच्या सव्वाशे वर्षांतल्या बहुतेक भानगडी या कागदातून निघतात.

(दृश्य : अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. जुनं मिशन कंपाउंड.)

पहिली मोठी भानगड थेट नगरपर्यंत पोचली. रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म 1847 चा, मुंबईतला. शिक्षण येलला आणि अँडोव्हरला. 1878 मध्ये त्यांनी अहमदनगरला थिऑलॉजिकल सेमिनरी सुरू केली. 1886 मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना अँडोव्हरला वाद पेटलेला होता. ख्रिस्ताचं नाव कधी कानावरच पडलं नाही अशा माणसाला मेल्यानंतर काही संधी आहे की नाही? अँडोव्हरच्या प्राध्यापकांसाठी हा सिद्धांताचा प्रश्न होता. नगरला तोच प्रश्न नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या आजोबा-पणजोबांचा होता. ह्यूम संधीच्या बाजूने बोलले, आणि मिशन बोर्डाने त्यांना हिंदुस्थानात परत पाठवणं अडवलं. वर्षभराच्या वादानंतर वाट मोकळी झाली. इकडे व्हिजिटर्सनी 1887 मध्ये प्राध्यापक एग्बर्ट स्मिथ यांना मतांगीकार मोडल्याबद्दल दोषी ठरवलं. 1891 मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

प्राध्यापक सुटले, पण कागद तिथेच राहिला.

(दृश्य : केंब्रिज, फ्रान्सिस अव्हेन्यू. गॉथिक धाटणीची दगडी इमारत.)

दुसरा पत्ता. वादात विद्यार्थी आटले, आणि 1908 मध्ये सेमिनरी केंब्रिजला हलली, पस्तीसेक किलोमीटरवर, ज्या हार्वर्डवर रुसून ती निघाली होती त्याच्या दारात. अँडोव्हरच्या इमारती फिलिप्स अकादमीने घेतल्या. 1911 मध्ये केंब्रिजला अँडोव्हर हॉल उभा राहिला आणि दोन्ही संस्थांची पुस्तकं एका ग्रंथालयात आली.

इथे पुस्तकांबद्दल थांबून बोलायला हवं, कारण सेमिनरीच्या सामानात सर्वांत जड तीच असतात. एक मीटर फळीवर साधारण 30 ते 35 पुस्तकं बसतात, वजन 25-30 किलो. म्हणजे एक लाख पुस्तकं म्हटली तर तीन किलोमीटर फळी आणि 75 ते 90 टन वजन. नव्या जागेत फळ्या काठोकाठ भरायच्या नसतात; पाव ते एक तृतीयांश जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर पुढच्या वर्षीची दहा पुस्तकं घुसवायला अख्खं दालन सरकवावं लागतं. खोकी लहान घ्यायची, भरल्यावर 15-18 किलोंच्या वर नको. मोठ्या खोक्याचा तळ जिन्यातच सुटतो.

नेहमी होणारी चूक मोजमापाची. जुन्या फळ्यांची लांबी मोजतात, नव्या फळ्यांची उंची आणि खोली मोजायची राहते. मग जुन्या मोठ्या आकाराच्या बायबल-प्रती आणि नकाशे आडवे टाकावे लागतात आणि त्यांच्या शिवणी उसवतात. दुसरी अडचण वर्गीकरणाची. अनेक जुन्या सेमिनऱ्या ज्युलिया पेटी यांनी आखलेली, खास ईश्वरविद्येची पद्धत वापरत; विद्यापीठांची ग्रंथालयं लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत वापरतात. दोन्ही एकत्र आली की प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी बदलायची, नाहीतर एकाच विषयाची पुस्तकं दोन मजल्यांवर. आणि तळघरातून आलेलं खोकं थेट दालनात न्यायचं नाही. आधी वेगळ्या खोलीत उघडायचं. बुरशी किंवा कसर असेल तर तिथेच कळते. हवेतली आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वेगळं निमंत्रण लागत नाही.

(दृश्य : न्यायालयाच्या जुन्या निकालपत्राची पानं.)

केंब्रिजला पुस्तकं सुखाने नांदली, माणसं नाही. 1922 मध्ये हार्वर्ड आणि अँडोव्हरने एकच थिऑलॉजिकल स्कूल करायचं ठरवलं, एकच प्राध्यापकवर्ग. व्हिजिटर्स न्यायालयात गेले. 1925 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने करार मोडीत काढला, कारण 1808 च्या सुमाराचा पैसा मतांगीकाराच्या अटीवर दिलेला होता आणि या व्यवस्थेत ती अट पाळली जात नव्हती. 1926 मध्ये अँडोव्हरचे प्राध्यापक बाहेर पडले. पुढची पाच वर्षं सेमिनरी उरली ती कागदावर. निधी होता, विश्वस्त होते, वर्ग नव्हता.

म्हणून संस्था हलवायची म्हटल्यावर ट्रक ठरवण्याआधी एक तक्ता करावा लागतो. प्रत्येक निधीची एक ओळ. कोणी दिला, कधी, कोणत्या शब्दांत, मूळ रक्कम वापरता येते की फक्त व्याज, आणि देणगीत जागेचं नाव आहे का. ‘या वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसाठी’ असं लिहिलं असेल, तर वसतिगृह विकल्यावर ती शिष्यवृत्ती लटकते. अशा वेळी न्यायालयाकडे जाऊन मूळ हेतूच्या जवळात जवळ जाणारा वापर मागावा लागतो. महाराष्ट्रातल्या विश्वस्तांना हे परकं वाटू नये. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात कलम 55 याच कामाचं आहे. स्थावर मालमत्ता विकायला कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि नोंदीत बदल झाला की कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत चेंज रिपोर्ट. युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आली. आपल्याकडेही सेमिनऱ्या हलतात.

(दृश्य : पुन्हा न्यूटनची टेकडी, बर्फ पडलेला.)

तिसरा पत्ता. 1931 मध्ये अँडोव्हर न्यूटनच्या बाप्टिस्टांकडे बिऱ्हाड घेऊन आली. आवार एक, संस्था दोन. नावं अधिकृतपणे एक झाली 1965 मध्ये. चौतीस वर्षं एकत्र राहून मग लग्न. आधीची पोळलेली तोंडं बघता यात नवल नाही. अँडोव्हरची पुस्तकं केंब्रिजलाच राहिली.

टेकडीवरचं आवार सुमारे 23 एकरांचं. एकेकाळी विद्यार्थी वसतिगृहात राहून तीन वर्षांत शिक्षण पुरं करत. नंतरचा विद्यार्थी चाळिशीतला, नोकरी करणारा, संध्याकाळी गाडी लावून वर्गात येणारा आणि रात्री घरी जाणारा. खोल्या ओस, पण छप्पर, बॉयलर आणि रस्त्यावरचं बर्फ यांना पटसंख्येशी देणंघेणं नसतं. त्यातच ज्या मंडळ्यांसाठी (चर्चच्या स्थानिक समुदायांसाठी) पाळक घडवायचे त्यांची सभासदसंख्या घटत होती. इमारतींची दुरुस्ती पुढे ढकलत राहणं हा सेमिनऱ्यांचा जुना आजार आहे. पाच वर्षं पुढे ढकललेलं छप्पर शेवटी छताचे वासेही घेऊन जातं.

मग 2015 चा निर्णय. अध्यक्ष मार्टिन कोपनहेव्हर यांच्यापुढे पर्याय होते, आणि बोलणी येल डिव्हिनिटी स्कूलशी जुळली. तिथे नमुना तयार होता. बर्कली डिव्हिनिटी स्कूल ही एपिस्कोपल (अमेरिकेतल्या अँग्लिकन) पंथाची सेमिनरी 1971 पासून येलच्या छत्राखाली स्वतःचं नाव राखून आहे.

सर्वांत नाजूक काम अर्धवट शिकलेल्या विद्यार्थ्यांचं. मान्यता देणाऱ्या संस्थेला आधी लेखी आराखडा द्यावा लागतो, की प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचं शिक्षण कुठे आणि कसं पुरं होणार. कागदावर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, पण अर्धवेळ शिकणाऱ्याला पाच-सहा वर्षंही लागतात. तो न्यूटनजवळ राहतो, बायकोची नोकरी तिथे, मुलांची शाळा तिथे. दोनशे किलोमीटरवरचं येलचं गाव न्यू हेवन त्याला नकाशावरच जवळ दिसतं. त्यामुळे नवे प्रवेश आधी थांबवायचे, मग प्रत्येकाचे उरलेले विषय नावानिशी मोजायचे, आणि ते विषय शिकवणारे प्राध्यापक शेवटपर्यंत थांबतील याची तजवीज करायची. हे शेवटचं हमखास चुकतं. संस्था हलणार म्हटल्यावर चांगला शिक्षक आधी दुसरी जागा शोधतो, आणि हिब्रूचा वर्ग मध्येच उघडा पडतो.

गुणपत्रिकांचंही तसंच. तीस वर्षांनी एखाद्या पाळकाला नव्या मंडळीत रुजू होताना दाखला लागणार. तो कोण देणार, कुठल्या शिक्क्याने, हे कुलूप लावण्याआधी ठरायला हवं. आणि मृत्युपत्रं! कुणीतरी पूर्वी जुन्या नावाने देणगी लिहून ठेवलेली असते. कायद्याच्या भाषेतली मूळ संस्था विसर्जित केली तर वारस भांडायला मोकळे. म्हणून आवार विकलं तरी नोंदणीकृत संस्था जिवंत ठेवणं शहाणपणाचं.

(दृश्य : संग्रहालयाचं दालन, रिकामी काचपेटी.)

हलवाहलवीच्या याच काळात एक वेगळंच गाठोडं सुटलं. मिशनच्या जुन्या काळात जमलेल्या, अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींच्या दीडशेहून अधिक वस्तू शाळेच्या मालकीच्या होत्या. 1940 च्या दशकापासून त्या सेलमच्या पीबॉडी इसेक्स संग्रहालयात ठेवलेल्या. 2015 मध्ये त्यातल्या काही विकण्याचा विचार पुढे आला, तेव्हा संग्रहालयाने जमातींना कळवलं. 1990 चा कायदा सांगतो, की संघराज्याचा पैसा घेणाऱ्या संस्थेने अशा पवित्र वस्तूंची यादी करून जमातींना कळवायचं आणि हक्क सिद्ध झाल्यास त्या परत करायच्या. सरकारी पत्र आलं आणि विक्रीचा विषय मागे पडून वस्तू परत करण्याची भाषा सुरू झाली. आवार सोडताना खुर्च्या-टेबलांची यादी सगळे करतात. दुसऱ्याच्या घरी ठेवलेल्या आपल्या वस्तू आणि आपल्या घरी असलेल्या दुसऱ्याच्या वस्तू, या दोन याद्या राहून जातात.

(दृश्य : न्यू हेवन. प्रॉस्पेक्ट स्ट्रीटचा चढ, स्टर्लिंग क्वाड्रँगल.)

चौथा पत्ता. जुलै 2017 मध्ये येलशी करार झाला. नाव आता अँडोव्हर न्यूटन सेमिनरी अॅट येल डिव्हिनिटी स्कूल. पहिल्या डीन सारा ड्रमंड. विद्यार्थ्याला पदवी येलची मिळते, आणि मंडळीत काम करण्याच्या तयारीबद्दल डिप्लोमा अँडोव्हर न्यूटनचा. वर्ग, ग्रंथालय, छप्पर, बॉयलर येलचे. अँडोव्हर न्यूटनकडे उरलं ते पाळक घडवण्याचं काम, निधी आणि नाव.

टेकडीवर शेजारी असलेलं हिब्रू कॉलेजही पुढे तिथून उतरलं. केंब्रिजच्या अँडोव्हर हॉलचं नाव बदलून स्वार्ट्झ हॉल झालं, आणि तिथल्या ग्रंथालयाच्या नावातूनही अँडोव्हर गेलं.

(दृश्य : अभिलेखागार. राखाडी पेट्या, एक उघडलेली.)

शाळेची दप्तरं मात्र येल डिव्हिनिटी ग्रंथालयाच्या अभिलेखागारात आहेत. अशा कागदांसाठी आम्लरहित पेट्या लागतात. आधी टाचण्या आणि रबरबँड काढायचे; टाचणी गंजते, रबर वितळून कागदाला चिकटतं. फोल्डरवर पेन्सिलीनेच लिहायचं, कारण ओल लागली की शाई पसरते. आणि कागदांचा मूळ क्रम मोडायचा नाही, तो कितीही गबाळा दिसला तरी. कोणतं पत्र कोणत्या पत्राच्या उत्तरादाखल आलं, हे त्या गबाळ्या क्रमावरूनच कळतं.

ज्या येलमधून ह्यूम 1868 मध्ये पदवी घेऊन निघाले आणि पुढे अँडोव्हरला गेले, त्याच येलमध्ये अँडोव्हर आता राहायला आली आहे.